नाताळचा गोठा आणि मुंबईची फेरी



धर्मग्रामाच्या या महोत्सवी वर्षांतील एक व्याख्यान आमच्या वांट्यास आलें व विषय निवडण्याची मोकळीकही मिळाली. आमच्या आधींच्या वक्त्यांनीं देवळाचा इतिहास, शाळा, सहकार अशा थोर विषयांवर भाषणें केलीं. आम्हीं त्या मानानें अगदीं लहान विषय घेतला आहे: नाताळच्या आदल्या पंधरवड्यांत घरोघर होणारें हातकाम, आणि त्याच दिवसांत मुलाबाळांसह होणारी मुंबईची फेरी. विषय लहान खरा. परंतु त्यांत आमच्या हातून एकदां एक चूक झाली आहे, व ती चार माणसांत बोलून दाखवावी असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

आरंभ गोठ्यापासून करूं. १२२३ सालच्या नाताळांत असिसीचे संत फ्रान्सिस इटलींतील ग्रेच्चो या डोंगरी गांवीं होते. तेथें त्यांनीं गव्हाण मांडविली, तींत गवत घातलें, जवळ बैल व गाढव आणून उभे केले, आणि त्या गव्हाणीवर पवित्र मिस्सा झाली. संत फ्रान्सिस यांनीं स्वतः शुभवर्तमान गाइलें व प्रवचन केलें. त्यांचे चरित्रकार सेलानोचे थॉमस यांनीं या रात्रीचें जें वर्णन लिहून ठेविलें आहे, त्यांत मारियेची वा योसेफाची मूर्ति कोठेंही नाहीं. (बैल आणि गाढव लूकच्या शुभवर्तमानांतही नाहींत, ते यशयाच्या पहिल्या अध्यायांतून चालत येऊन गोठ्यांत बसले आहेत, आणि आतां त्यांना कोण उठविणार?) सांगावयाचें तें इतकेंच, कीं त्या पहिल्या गोठ्यांत बाजारांतून आणलेली एकही वस्तु नव्हती, गवत गांवचें आणि जनावरेंही गांवचींच. १ डिसेंबर २०१९ रोजीं पोप फ्रान्सिस त्याच ग्रेच्चोला गेले, आणि गोठ्याविषयींच्या पत्रावर त्यांनीं तेथेंच सही केली. नाताळच्या आधींच्या दिवसांत कुटुंबांनीं घरांत गोठा मांडण्याची रीत चालूं ठेवावी, असें त्यांनीं त्या पत्रांत आवर्जून म्हटलें आहे.

आतां आमच्या घराकडे वळूं. आमच्या लहानपणीं या कामाची वांटणी ठरलेली असे. कामट्या काढणें वडिलांकडे, कागद कापणें आम्हां मुलांकडे, आणि उरलेलें सारें मातोश्रींकडे. उरलेलें म्हणजे जवळजवळ सर्वच. १३ डिसेंबर, संत लुसीचा दिवस आला, कीं त्या रात्रीं मूठ-दोन मूठ गहूं भिजत घालीत. दुसऱ्या दिवशीं ते ओल्या फडक्यांत बांधून ठेवीत, आणि मोड दिसूं लागतांच जुन्या परातींत माती पसरून तिच्यावर दाट पेरीत. पाणी ओतावयाचें नाहीं, बोटांनीं शिंपडावयाचें. परात अंधारांत ठेविली तर रोपें भराभर वाढतात, पण पिंवळीं पडतात. म्हणून दोन दिवसांनीं ती ओसरीवर यावयाची. नाताळच्या रात्रीं बेथलेहेमच्या माळावर वीतभर उंच हिरवळ डोलत असे. हंगेरी व क्रोएशिया या देशांतील कॅथॉलिक घरांतही याच संत लुसीच्या दिवशीं गहूं पेरतात, हें आम्हांस मोठेपणीं वाचून कळलें. मातोश्रींना तें सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "बारा दिवस सगळीकडे बाराच असतात, बाबा."

चांदणीचें काम याहून अवघड. सारख्या लांबीच्या दहा कामट्या लागतात; पांचांची एक चांदणी, अशा दोन. दोन्ही एकमेकींवर ठेवून पांचही टोकें घट्ट बांधावयाचीं, आणि आंतल्या पांच कोंपऱ्यांत आंखूड काड्यांचे टेकू द्यावयाचे. त्यानें चांदणीला पोट येतें. एक कामटी जरी बोटभर आंखूड राहिली तरी सारी चांदणी लंगडी होते, आणि तें दोष झांकावयास कागद उपयोगी पडत नाहीं, उलट आंत दिवा लागल्यावर तो अधिकच दिसतो. वडील म्हणून आधीं दहाही कामट्या एका मुठींत उभ्या धरून जमिनीवर आपटीत, आणि ज्या वर डोकावतील त्या छाटीत. कागद पतंगाचा, व तो चिकटवावयास कणकेची खळ. खळ शिजवितांना मातोश्री तींत चिमूटभर मोरचूद टाकीत, म्हणजे कीड लागत नसे. डोंगर गोणपाटाचा: विटा रचून त्यांवर मातीच्या राड्यांत बुचकळलेलें गोणपाट टाकिलें, कीं वाळल्यावर कडे-कपारी आपोआप तयार. मातीच्या मूर्ति वर्षभर भाताच्या तुसांत पेटींत निजत. त्यांतील एका राजाची मान एकदां मोडली होती. ती डिंकानें जोडली, तेव्हांपासून तो किंचित् वर आभाळाकडे पाहतो. तारा शोधणाऱ्याला तें शोभूनही दिसतें.

आतां ती चूक. वडील जाऊन बरीच वर्षें झालीं होतीं. आम्ही नोकरींत, पहांटे गाडी, रात्रीं गाडी. एके वर्षीं आम्हीं मुंबईंतून तयार गोठा विकत आणिला. सर्व कांहीं एका खोक्यांत: छप्पर, मूर्ति, हिरवळ, लुकलुकणारे दिवे, आणि कळ दाबतांच वाजणारें गाणें. घरीं आणून दहा मिनिटांत मांडून झाला. मुलें खूष झालीं. मातोश्रींनीं त्या दिवशीं गहूं भिजत घातले होते. आम्हीं त्यांना म्हटलें, "आई, यंदा गव्हांची गरज नाहीं. हिरवळ त्यांतच आली आहे."

त्या थोडा वेळ त्या खोक्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग मी काय करूं?"

"तुम्ही आतां बसा. खूप केलेंत आजवर."

आम्हीं हें मायेनेंच म्हटलें होतें. त्यांचें वय ऐंशीच्या पुढें, गुडघे दुखत. त्यांनीं वाद घातला नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं भिजलेले गहूं कोंबड्यांना घातले. त्या नाताळांत त्या सर्वांशीं हंसून बोलल्या, मिस्सेला आल्या, करंज्या वांटल्या. पण गोठ्यापाशीं आल्या नाहींत. आमच्या तें ध्यानांतही आलें नाहीं. पुढल्या आगमनकाळाच्या आधींच देवानें त्यांना बोलावून घेतलें.

त्या वर्षीं मुलांनीं कळ दाबली तों गाणें वाजेना. दिवेही अर्धेच लागले. आमच्या पत्नीनें माळ्यावरून जुनी पेटी काढविली. तुसांतून मूर्ति एकेक बाहेर येऊं लागल्या, आणि तेव्हां आमच्या लक्षांत आलें, कीं मूर्ति आहेत पण त्यांच्या भोंवतीचें जें सारें करावयाचें, तें करणारें माणूस नाहीं, आणि आम्हीं तें कधीं विचारून ठेविलें नाहीं. खळ किती वेळ शिजवावी? पाणी आधीं कीं कणीक आधीं? आमच्या पहिल्या खळींत गोळे झाले. चांदणीला झुरळें लागलीं. गहूं पाण्यांत तीन दिवस राहून आंबले.

तरी मुलांनीं हट्ट सोडला नाहीं, आणि आगमनकाळांतील एका शनिवारीं कागद आणावयास म्हणून आम्ही सर्वजण मुंबईस निघालों. ही वाट आपल्या लोकांना नवी नाहीं. १२ एप्रिल १८६७ पासून विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली. १९३६ सालीं ती विरारपर्यंत विजेवर धांवूं लागली. परंतु वसईंतले आपले वाडवडील त्या गाडीनें मुंबईस गेले ते विकावयास: केळीं, भाजी, फुलें, विड्याचीं पानें. बाजार मुंबईंत, माल आपला. आतां आपण रिकामी पिशवी घेऊन जातों व भरून आणतों. दोष कोणाचा, हा विचार या व्याख्यानाचा नव्हे. वसई-विरारची महानगरपालिका २००९ सालीं झाली, शहरच आपल्या दारीं आलें, आणि ज्या बांबूच्या बेटांतून वडील कामट्या काढीत त्या जागीं आज इमारत उभी आहे. आम्ही त्याच इमारतींत राहतों, तेव्हां तक्रार करण्याचें आम्हांस तोंड नाहीं.

प्रथम क्रॉफर्ड मार्केटला गेलों. त्याचें नांव आतां महात्मा जोतिराव फुले मंडई. ही इमारत १८६९ सालची, आणि तिच्या दर्शनी भागावर लॉकवुड किपलिंग यांच्या हातचें शिल्प आहे. त्यांत आपल्या देशाचे शेतकरी कोरलेले आहेत. आम्हीं मुलांना तेथें उभें करून सांगितलें, "हे तुमचे पणजोबा." धाकटीनें निरखून पाहिलें व विचारलें, "मग ते आंत कां नाहींत?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. भोंवतालच्या गल्ल्यांत नाताळचा बाजार भरला होता. एका वयस्क मुसलमान दुकानदारानें आम्हांस तयार चांदण्या दाखविल्या, घडी उघडून, फुंकर मारून. आम्हीं साधे ताव मागितले. त्यानें विचारलें, "काठी कोण बांधणार?" आम्हीं म्हटलें, "आम्ही." त्यानें आमच्या हातांकडे पाहिलें, कांहीं बोलला नाहीं, पण दोन ताव अधिक घातले. त्यांचे पैसे मात्र घेतले. चुका होणार हें त्याला आमच्याहून अधिक ठाऊक होतें.

तेथून कुलाब्यास पवित्र नामाच्या महामंदिरांत गेलों. १९०५ सालीं पूर्ण झालेलें हें देऊळ मुंबई महाधर्मप्रांताचें मुख्य मंदिर. दोन उंच मनोरे व आंत गॉथिक कमानी. १९६४ च्या डिसेंबरांत पोप सहावे पॉल जागतिक युखरिस्त परिषदेसाठीं मुंबईस आले होते, तें आपल्यांतील ज्येष्ठांना आठवत असेल. मुलांची अपेक्षा अशी, कीं एवढ्या मोठ्या देवळांत केवढा मोठा गोठा असेल! पण आगमनकाळ चालूं होता. वेदीवर जांभळें वस्त्र. बाळ कोठेंच नाहीं. धाकटी हिरमुसली होऊन म्हणाली, "बाळ कोठें आहे?" तिची आई म्हणाली, "अजून यावयाचा आहे, बाय. त्याच्याआधीं आपण कामट्या बांधूं." विकतच्या गोठ्यांत बाळ पहिल्याच दिवसापासून निजलेला होता, हें आम्हांस तेव्हां प्रथम जाणवलें. मातोश्री बाळाची मूर्ति २४ तारखेच्या रात्रीपर्यंत पेटींतून बाहेर काढूं देत नसत.

परततांना वांद्र्यास उतरलों. हिल रोडवरचे दिवे, दुकानें, माणसांचा लोंढा. मुलांनीं डोळे भरून पाहिलें व पोट भरून खाल्लें, आणि आम्हांसही मौज वाटली हें कबूल करतों. शहराचें झगमगणें हें पाप नव्हे. गाडीला मात्र अशी गर्दी होती, कीं तावांची गुंडाळी आम्हीं वसईपर्यंत डोक्यावर धरली, आणि तरीही ती चुरगळलीच.

त्या वर्षीं गोठा झाला. चांदणी लंगडी, तिच्यावर सुरकुत्या. गहूं उशिरा पेरल्यामुळें दोन बोटेंच वर आलेले. धाकटीनें मातीचा बैल म्हणून जें केलें, त्याचीं शिंगें पाहून शेजारचे आजोबा म्हणाले, ही तर म्हैस! आम्हीं ती तशीच ठेविली. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनीं पवित्र मारियेला लुगडें नेसविलें, तें त्यांच्या गांवच्या पुष्कळांना रुचलें नाहीं, आणि त्यांना पुण्यास जाऊन काम करावें लागलें. सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर हेरास यांनीं मात्र त्यांना उत्तेजन दिलें. लुगडें जर चाललें, तर वसईच्या गोठ्यांत म्हैस कां चालूं नये?

आतां थोडें कामाचें बोलून पुरें करतों. धर्मगुरुवर्यांच्या अनुमतीनें १३ डिसेंबरच्या संध्याकाळीं देवळामागच्या मंडपांत कामट्या, दोरा व कागद ठेवण्यांत येतील. बांबू बुरूडकाम करणाऱ्या कारागिराकडून आणिला आहे. सुरी ज्याची त्यानें आणावी. खळ तेथेंच शिजेल. मुलें हात घालणार असल्यामुळें तींत मोरचूद मुळींच घालावयाचें नाहीं, तें विषारी असतें. आपल्या घरांतील आजी-आजोबांना चालवत नसेल, तर कळवावें, आमचीं मुलें रिक्षा घेऊन येतील. त्यांना कामट्या बांधावयास बसविणार नाहीं. गहूं किती भिजवावे, एवढें मात्र त्यांनींच सांगावयाचें आहे; आम्हांस तें अजून नीट जमत नाहीं.