लेसर करायचंय, पण कुठलं?

लोहगडावर धुक्यात चष्म्याच्या काचा पुसून पुसून वैतागलेले बरेच जण पावसाळ्याआधी विचारतात, "चष्मा घालवायचाय, कुठलं लेसर चांगलं?" जाहिरातीत मशीनचं नाव आणि पॅकेज असतं. आपण डोळ्यापासून सुरुवात करू.

लेसर काम करतं कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावर. त्याची मधली जाडी साधारण 540 मायक्रॉन, जेमतेम अर्धा मिलिमीटर. पद्धती मुख्यतः तीन. पीआरकेमध्ये वरची नाजूक त्वचा काढून लेसर मारतात. तीन-चार दिवस डोळे चुरचुरतात, नजर स्थिर व्हायला काही आठवडे लागतात. लॅसिकमध्ये पातळ झाकण कापून उचलतात, खाली लेसर मारतात, झाकण परत बसवतात. बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच छान दिसतं. स्माइलमध्ये झाकण नसतं. आतल्या आत पातळ चकती कापून छोट्या छेदातून बाहेर काढतात.

आता गणित. लॅसिकचं झाकण धरा 110 मायक्रॉन. दर एका नंबराला साधारण 15 मायक्रॉन जातात. कॉर्निया 480 आणि नंबर उणे 8 असेल, तर 110 आणि 120 गेले, उरले 250. ही अगदी काठावरची गोष्ट. बरेच डॉक्टर 300 तरी उरावेत असं बघतात. फार कमी उरलं तर कॉर्निया पुढे फुगू शकतो आणि नजर कायमची बिघडू शकते. केराटोकोनस नावाचा आजार लपलेला असेल तर धोका आणखी मोठा. म्हणून टोपोग्राफी तपासणी टाळायची नाही.

मग तुमचं जगणं. कुस्ती, कबड्डी खेळता? जोरदार फटक्याने लॅसिकचं झाकण वर्षांनंतरही सरकू शकतं. तिथे पीआरके किंवा स्माइलचा विचार होतो. लोणावळ्यात आयएनएस शिवाजी समोर बघत नौदलाची तयारी करताय? कुठली शस्त्रक्रिया चालते, कोणत्या वयानंतर, भरतीआधी किती महिने, हे जाहिरातीतल्या वैद्यकीय नियमांत आधी वाचा. नंतर वाचून उपयोग नाही.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे भुशी डॅम, धबधबा, स्विमिंग पूल बंद. धुळीत बाइकवर गॉगल हवाच. पुन्हा तपासणीला लोकलने पुण्याला फेऱ्या माराव्या लागतील, त्या सुट्ट्या आधीच धरा.

वय 18 पूर्ण, नंबर वर्षभर स्थिर, डोळे फार कोरडे नाहीत, एवढं हवंच. तपासणीआधी कॉन्टॅक्ट लेन्स किती दिवस बंद ठेवायची तेही विचारा, नाहीतर मापं चुकतात. आणि चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागू शकतो, लेसर झालं असलं तरी.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: माझा कॉर्निया किती जाड आहे? शस्त्रक्रियेनंतर किती उरेल? माझ्यासाठी हीच पद्धत का? "तुम्हाला लेसर नको" असं उत्तर आलं तर रिपोर्ट घ्या, हवं तर दुसऱ्या कॉर्नियातज्ज्ञाला दाखवा. पण स्वस्त पॅकेजवाला "होऊन जाईल" म्हणतोय म्हणून टेबलावर झोपू नका. चष्म्याने दिसतंय ना, मग घाई कसली?

काळजी घ्या, पुढच्या भागात भेटू.