एकच जाड स्वेटर



मी सातवी शिकलेली. भाषणाची सवय नाही. घरचाच अनुभव सांगते.

आम्ही घाटकोपरचे. माझा मुलगा चेंबूरच्या गोल्फच्या मैदानावर खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहतो. मुंबईत कसली थंडी, असे आपण म्हणतो; पण २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता! पौषातल्या पहाटे मैदानावरचे गवत दवाने भिजलेले असते.

म्हणून मी हौसेने जाड स्वेटर विणून दिला. चालून चालून त्याला घाम फुटला, त्याने स्वेटर काढला आणि ओला सुती बनियन अंगावरच गार झाला. मजुरी सोडून पोरगा दात वाजवीत घरी आला. चूक माझी होती.

तो स्वेटर मी उसवला. त्याच लोकरीची पातळ बंडी आणि कानटोपी केली. आता बनियनवर सदरा, त्यावर बंडी. मध्ये अडकलेली हवाच ऊब धरते. घाम येण्याआधी बंडी काढायची, थांबले की घालायची. कोरडा बनियन जवळ असतोच. खेळणारेही जास्तीचा चेंडू खिशात उबेला ठेवतात, कारण गार चेंडू कमी उसळतो.

पहाटे फिरायला जाणाऱ्या भगिनींनीही हे ध्यानात ठेवावे. माया जाड असावी, कपडे मात्र पातळ आणि दोन-तीन असावेत.