हिरा शोधायचा तर हिरा शोधू नका!

आज हिऱ्यांबद्दल बोलू या. पण गंमत अशी, की हिऱ्याची खाण शोधणारे लोक आधी हिरा शोधतच नाहीत.

का? साधा हिशोब बघा. किंबरलाइट नावाच्या ज्वालामुखी खडकातून टनामागे एक कॅरट हिरा मिळाला, तरी खाणवाले खूश. एक कॅरट म्हणजे 0.2 ग्रॅम. म्हणजे पन्नास लाखांत एक भाग! तो मैदानात हिंडून कुठे सापडणार?

पण हा खडक सुमारे 150 किलोमीटर किंवा त्याहून खोलून वर येतो, आणि येताना सोबती घेऊन येतो. जांभळट-लाल पायरोप गार्नेट, हिरवंगार क्रोम डायऑप्साइड, काळं इल्मेनाइट. हे हिऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात आणि जड असतात, त्यामुळे माती धुतली की तळाशी उरतात. हीच दर्शक खनिजं.

आता चला कॅनडाला. 1980च्या दशकात चक फिप्के आणि स्टुअर्ट ब्लुसन या भूवैज्ञानिकांना देशाच्या वायव्य भागात, ब्लॅकवॉटर लेकजवळ असे कण मिळाले. पण खडक कुठेच नाही! कारण हिमयुगात तिथला बर्फ पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकला होता, आणि त्यानं खडक खरवडून कण शेकडो किलोमीटर पसरवले होते. मग हे दोघं उलटे निघाले, पूर्वेकडे. छोट्या विमानानं उतरायचं, माती भरायची, पुढे जायचं. वर्षानुवर्षं. सुरुवातीला पैसे देणारी तेल कंपनी बाहेर पडली, तरी फिप्के थांबला नाही.

बरं, प्रत्येक किंबरलाइटमध्ये हिरे नसतातच, बहुतेकांत नसतात. इथे केप टाउनच्या जॉन गर्नी यांचं काम उपयोगी पडलं. दोन गार्नेट डोळ्यांना सारखेच दिसतात, पण एकात क्रोमियम भरपूर आणि कॅल्शियम कमी असेल, तर तो हिरे असतात तशाच खडकातून आलेला असू शकतो. अशा गार्नेटला जी-10 म्हणतात. डोळ्यांना न दिसणारा हा फरक प्रयोगशाळेतल्या यंत्रावर कळतो.

आणि मला सगळ्यात आवडलेला भाग हा: लॅक द ग्राच्या पुढे पूर्वेला गेल्यावर कण मिळेनासे झाले. एखादा म्हणाला असता, गेली मेहनत वाया! पण माग संपला याचा अर्थ उगम मागे राहिला. किंबरलाइट मऊ, बर्फानं तो जास्त खरवडला जातो, खड्ड्यात पाणी साचतं, म्हणून नजर तळ्यांवर गेली. 1991मध्ये पॉइंट लेकला ड्रिल केलं. 59 किलो खडकात 81 बारीक हिरे! बातमी फुटली आणि जमिनीवर हक्क सांगायला झुंबड उडाली.

1998मध्ये एकाटी ही कॅनडाची पहिली हिऱ्यांची खाण सुरू झाली. खोदकाम मात्र पॉइंट लेकला नाही, जवळच्याच पांडा नावाच्या पाइपवर सुरू झालं.