तीन डिस्क आणि एक खिडकी

(अभ्यासिकेतल्या रविवारच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला रोबोटवर बोलायला सांगितलंय. मी रोबोटच्या पोटाबद्दल बोलणार आहे. फेकणाऱ्या चाकाचं कौतुक सगळे करतात, व्हिडिओही त्याचेच काढतात. पण आमचा संघ हरत होता तो पोटाच्या तक्रारीमुळे, आणि ते कळायला आम्हाला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत आम्ही एका मुलीवर अन्याय केला. ते सांगतोच, पण आधी खेळ समजून घ्या.

व्हेक्स रोबोटिक्सच्या २०२२-२३ च्या हंगामातला खेळ होता ‘स्पिन अप’. १२ फूट बाय १२ फुटांचं मैदान, त्यावर ६० पिवळ्या डिस्क. प्रत्येक डिस्क साडेपाच इंच व्यासाची आणि पाऊण इंच जाड, म्हणजे साधारण १९ मिलिमीटर. कोपऱ्यात साखळ्या लावलेली उंच टोपली. तिच्यात डिस्क पडली की ५ गुण, खालच्या भागात गेली तर १. पहिले १५ सेकंद रोबोट आपला आपण चालतो, मग पावणेदोन मिनिटं मुलं चालवतात. आणि एक नियम, ज्याच्याभोवती सगळं फिरतं: एका वेळी रोबोटकडे तीनच डिस्क.

डिस्कचे खेळ आधीही झाले होते. अमेरिकेतल्या फर्स्ट स्पर्धेत २०१३ साली चार डिस्कची मुभा होती. २०१७ ची एबीयू रोबोकॉन टोकियोत झाली, तिथेही डिस्कच फेकायच्या होत्या. पुण्यात बालेवाडीला देशपातळीवरची रोबोकॉन भरायची, ती कुणी पाहिली असेल तर हे दृश्य डोळ्यांसमोर येईल.

तर पोट. डिस्क जमिनीवरून उचलायची, एकावर एक रचून ठेवायची, आणि खालची एकेक पुढे ढकलून फिरत्या चाकाला द्यायची. या रचण्याच्या डब्याला मुलं मॅगझिन म्हणतात, ढकलणाऱ्या दांड्याला इंडेक्सर. दांडा हवेच्या दाबावर चालतो. तो मागे पूर्ण आला की वरची डिस्क खाली पडते. अर्धवट आला तर ती दांड्यावरच बसते आणि काम थांबतं. नियमाप्रमाणे टाकीत जास्तीत जास्त १०० पीएसआय हवा भरता येते, आणि प्रत्येक ढकलण्याला ती थोडी कमी होते. म्हणजे सामन्याच्या सुरुवातीला चपळ असणारा दांडा शेवटी सुस्तावतो. घरी टेबलावर हे कधीच दिसत नाही, कारण घरी आपण दर पाच मिनिटांनी हवा भरत असतो.

डब्याची रुंदीही नाजूक. डिस्क १४० मिलिमीटरची, तर डबा त्याहून दोन-तीन मिलिमीटरच मोठा हवा. सैल ठेवला की डिस्क तिरकी होते. जुन्या लाकडी कपाटाचा खण एका बाजूने ओढला की कसा अडकतो? तसंच. म्हणून दांडाही बरोबर मध्यावर लागला पाहिजे. डब्याची उंची ५७ मिलिमीटरच्या थोडीच वर ठेवायची, म्हणजे चौथी डिस्क आत येऊच शकत नाही. नियम चालवणाऱ्याच्या लक्षात राहण्यावर सोडू नका, डब्यालाच पाळायला लावा. घाईत माणूस विसरतो, पत्रा विसरत नाही.

आता आमची गोष्ट. मी शनिवार-रविवार एका शाळेच्या संघाला शिकवायला जायचो. आमचा रोबोट पहिली डिस्क टोपलीत टाकायचा, दुसरी अलीकडे पडायची, तिसरी टोपलीवरून पलीकडे जायची. सगळ्यांचं ठरलं: चाकाचा वेग नीट सांभाळला जात नाही, म्हणजे कोड चुकलाय. कोड लिहिणारी नववीतली मुलगी. तीन आठवडे तिने तो बदलला, पुन्हा बदलला. मीही तिला म्हणालो, “बघ, कुठेतरी आकडा चुकला असेल.” ती म्हणायची, “सर, आकडे बरोबर आहेत, मी मोजलेत.” मुलं हसायची. मी त्यांना थांबवलं नाही, हे आज इथे कबूल करतो.

मग तिनेच एका रविवारी वडिलांचा मोबाइल आणला, स्लो मोशन लावला आणि डब्याच्या तोंडाशी धरला. आम्ही सगळे वाकून बघत बसलो.

डब्याच्या पुढच्या बाजूला डिस्क बाहेर जायला खिडकी असते. मुलांनी ती ४० मिलिमीटर उंच कापली होती. का? मोठी असली की काही अडकणार नाही म्हणून. मलाही ते पटलं होतं. पण दोन डिस्कची जाडी ३८. पहिली पुढे सरकली की तिच्या घर्षणाने वरचीही थोडी सोबत सरकायची, आणि तिची कड फिरत्या चाकाला घासायची. एक डिस्क फेकताना चाकाचा वेग तसाही उतरतो, कारण ताकद डिस्क घेऊन जाते. त्यावर हा ब्रेक. म्हणून दुसरी कमी पडायची. कोडला दिसायचं की वेग फार खाली आलाय, तो मोटरला जोर लावायचा, आणि तिसरी वरून जायची. कोड आपलं काम चोख करत होता. घास भरवणारा हात एका वेळी दीड घास देत होता.

खिडकी २४ मिलिमीटरची केली. एकच डिस्क जाईल, दुसरीला वाट नाही. पत्र्याची एक पट्टी आणि दोन स्क्रू. तिसऱ्या डिस्कवर वजन नसल्यामुळे ती डुगडुगत होती, तिच्यासाठी वरून रबर बँडने हलका दाब दिला. तो मात्र पहिल्या वेळी जास्त झाला आणि दांडाच अडला, दोन तास त्यात गेले.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिन्ही डिस्क टोपलीत गेल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा तिन्ही गेल्या. मुलं ओरडत होती. ती लॅपटॉप उघडून बसली होती. मी माफी मागायला जवळ गेलो, काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात तिनेच मान वर केली आणि विचारलं, “सर, मग माझा पहिलाच कोड परत टाकू?”