सुरीनाम: फॉरवर्डच्या पलीकडे

हेडफोन लावलेत ना? चला, आज दक्षिण अमेरिकेतल्या सगळ्यात छोट्या स्वतंत्र देशात जाऊ. सुरीनाम.

२०२० मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष चंद्रिकाप्रसाद संतोखी यांनी शपथविधीत संस्कृत मंत्र म्हटले. ती क्लिप मीही अभिमानाने फॅमिली ग्रुपवर टाकली होती. पण हे लोक तिथे पोचले कसे, हे तेव्हा मला ठाऊकच नव्हतं.

तर ऐका. सुरीनाम ही डचांची वसाहत. साखरेच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबायचे. १८६३ मध्ये गुलामी कायद्याने संपली, पण त्यातल्या बहुतेकांना पुढची १० वर्षं मळ्यांवर काम करणं सक्तीचं होतं. ती मुदत संपत आली आणि ५ जून १८७३ ला कलकत्त्याहून 'लाला रूख' जहाज येऊन धडकलं. त्यात सुमारे ४०० भारतीय मजूर होते. १९१६ पर्यंत असे ३४ हजारांच्या आसपास लोक गेले, बहुतेक भोजपुरी-अवधी पट्ट्यातले. करार ५ वर्षांचा. त्यांना नाव पडलं 'कंत्राकी'.

पहिल्या नोकरीत मीही २ वर्षांचा बाँड भरला होता, म्हणून आधी मला हसू आलं. मग कळलं, कामावर गेलं नाही तर तिथे शिक्षा व्हायची. माझा बाँड मोडला असता तर फार तर पैसे गेले असते. हसू तिथेच थांबलं.

करार संपल्यावर साधारण एक तृतीयांश लोक परतले, बाकीचे तिथलेच झाले. त्यांच्या बोलीची झाली सरनामी. पुढे जावाहूनही मजूर आले. सरकारी भाषा डच, पण बाजारात सगळ्यांना जोडते ती स्रानान, म्हणजे गुलामांनी घडवलेली भाषा! राजधानी पारामारिबोत तर सिनॅगॉग आणि मशीद अगदी शेजारी-शेजारी आहेत.

२५ नोव्हेंबर १९७५ ला देश स्वतंत्र झाला. त्या सुमारास हजारो लोक नेदरलँड्सला निघून गेले. आज लोकसंख्या ६ लाखांच्या आसपास आणि ९० टक्क्यांहून जास्त जमीन जंगलाखाली. आता समुद्रात तेल सापडलंय. पैसा येईल, पण तो कुणाच्या हाती जाईल? साखरेचा पैसा राबणाऱ्यांच्या हाती कधी आला नव्हता, म्हणून हा प्रश्न तिथे महत्त्वाचा आहे.

ती क्लिप पुन्हा आली तर मी अजूनही फॉरवर्ड करेन. फक्त खाली एक ओळ टाकेन: 'यांचे पणजोबा कंत्राकी होते, आणि त्यांच्या आधी त्याच मळ्यांवर गुलाम होते.'

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!