मुठीतली माती काय सांगते?

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज फळ्यावर काही लिहिणार नाही. आज नुसते बोलू. बोलायचे आहे ते आपल्या डोळ्यांबद्दल आणि आपल्या मनाबद्दल.

वर्गात नवे आलेले माणूस बहुधा एकच वाक्य बोलते. "मास्तर, आम्ही अडाणी माणसं. आम्हाला काय कळतं?" हे वाक्य मला पटत नाही. अक्षर येत नव्हते, एवढेच खरे. काहीच येत नव्हते, हे खरे नव्हे. ते कसे, ते ऐका.

आपल्या संभाजीनगर जिल्ह्यातले वेरूळ तुम्हाला ठाऊक आहे. घृष्णेश्वराच्या दर्शनाला जाताना तुम्ही लेणीही पाहिली असतील. तिथले 16 नंबरचे लेणे म्हणजे कैलास. हे देऊळ बांधलेले नाही. त्यात दगडावर दगड ठेवलेला नाही. अखंड डोंगर वरून खाली कोरत आणला आहे. म्हणजे आधी शिखर आणि मग पाया! उंची सुमारे 100 फूट. हे काम मुख्यतः आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात झाले, असे जाणकार मानतात. भिंतीची वीट चुकली तर काढून पुन्हा बसवता येते. इथे उडालेली कपची परत चिकटत नाही. असे काम करणाऱ्या हातांना दगड किती ओळखीचा असेल, विचार करा.

पण त्याहून मोठे नवल खुद्द त्या दगडाचे आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडल्या. पृथ्वीच्या पोटातला तापलेला रस वर आला आणि दूरवर पसरला. तो थंड होऊन दगड झाला. त्यावर पुन्हा रस आला, पुन्हा दगड झाला. असे थरावर थर बसले. आपल्या डोंगरांना पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात ना? ते याच थरांचे. पुढे ऊन, वारा आणि पाऊस यांनी तो दगड झिजला. त्याचीच आपली काळी माती झाली. म्हणजे आपण ज्या मातीत कपाशी लावतो, ती एके काळची आग आहे, बरं का!

हे ऐकून नवल वाटते की नाही? वाटलेच पाहिजे. नवल वाटणे हा भाबडेपणा नव्हे. नवल वाटले की माणूस थांबतो. थांबला की नीट बघतो. नीट बघितले की त्याच्या मनात प्रश्न येतो. ज्ञानाची सुरुवात तिथे होते. त्याला अक्षराची गरज लागत नाही.

याचा दाखला आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात आहे. बहिणाबाई चौधरी यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म 1880 साली आसोदे गावी झाला. त्या शेतकरी घरातल्या. शाळा त्यांनी पाहिली नाही. लिहिता-वाचता येत नव्हते. पण शेतात काम करताना आणि जात्यावर दळताना त्या सारे बघत होत्या. मातीतून वर येणारा कोंब बघत होत्या. झाडाला टांगलेला सुगरणीचा खोपा बघत होत्या. जे दिसले आणि जे मनाला पटले, ते त्यांनी आपल्या बोलीत गाण्यात गुंफले. कुणाला विचारून नव्हे, आपल्या मनाच्या साक्षीने. 1951 साली त्या वारल्या. त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली. 1952 साली त्यांचे पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे. ज्या बाईंना सही करता येत नव्हती, त्यांची गाणी शिकलेली माणसे अभ्यासतात!

आता मनाच्या कौलाकडे वळू. आपण म्हणतो, "माझं मन मला सांगतं." हे मन कोठून सांगते?

पेरणीच्या आधी जुना शेतकरी काय करतो? वावरात जातो. थोडे उकरून माती मुठीत घेतो आणि दाबतो. मातीचा चिकट गोळा झाला, तर म्हणतो, "अजून वाफसा नाही." मूठ उघडल्यावर माती हलकेच फुटली, तर म्हणतो, "आला वाफसा." त्याच्याजवळ यंत्र नसते. पण वीस-तीस पावसाळे त्याच्या हाताने जपून ठेवलेले असतात. भाकरीचे पीठ मळणाऱ्या बाईचेही तसेच. पाणी किती घालावे, हे ती मोजत नाही. तिचा हात तिला सांगतो. मनाचा खरा कौल तो हाच. तो आकाशातून पडत नाही. पुष्कळ दिवस बघून, हाताळून, चुकून-सुधारून तो मनात मुरतो. असा कौल आला, तर त्यावर भरवसा ठेवा. 

पण सावध राहा. मनात दुसरेही आवाज असतात. भीती असते, घाई असते, हाव असते. त्याही कौलाचे सोंग घेऊन येतात.

समजा, मृगाचा पहिला पाऊस पडला. शेजाऱ्याने तिफण जुंपली. आपल्याला वाटू लागले, "आपणही पेरावे. मागे राहू." घरची कारभारीण म्हणते, "अहो, चार दिवस थांबा. ओल खाली गेली नाही." इथे खरा कौल कुणाचा? शेजाऱ्याकडे बघून उठलेला की मातीकडे बघून उठलेला? मातीकडे बघून उठलेला खरा. कृषी खातेही तेच सांगते. 75 ते 100 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 3 ते 4 इंच पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. नाहीतर पावसाने ओढ दिली की कोवळा कोंब करपतो. बियाणे गेले, खत गेले, डोक्यावर कर्ज राहिले. दुबार पेरणीचे दुःख मराठवाड्याला सांगायला नको.

दुसरी गोष्ट तर जिवाशी आहे. वळवाचा पाऊस येण्याआधी वारा फिरतो, अंधारून येते. जनावरे बिचकतात. आपले मन म्हणते, "घरी चला." हा कौल खरा आहे. तो लगेच ऐका. "एवढी ओळ संपवून जाऊ," असे म्हणू नका. पण पाऊस सुरू झाला की तेच मन म्हणते, "झाडाखाली उभे राहा." हा कौल खोटा आहे! झाडाने पाऊस चुकतो, वीज चुकत नाही. वीज उंच वस्तूवर पडते आणि झाडाखालच्या माणसाला गाठते.

मग काय करावे? वीज चमकली की आकडे मोजा. एक, दोन, तीन... आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे 3 सेकंद लागतात. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. घर लांब असेल, तर झाड, विजेचा खांब आणि पाणी यांपासून दूर जा. दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲपही केले आहे. आसपास वीज असेल, तर मोबाईलवर इशारा येतो. तो इशारा आता तुम्हाला वाचता येईल. अक्षर शिकल्याचा हा फायदा साधा नाही. त्याने जीव वाचतो.

तेव्हा मंडळी, मनाचा कौल आला की त्याला तीन प्रश्न विचारा. हे मी स्वतः बघितलेले आहे काय? यात भीती, घाई किंवा हाव तर नाही ना? जाणकार काय सांगतात? तिन्ही उत्तरे जुळली, तर बेलाशक पाऊल टाका. जुळली नाहीत, तर थांबा, पुन्हा बघा आणि विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

अक्षर येते आहे, चांगले आहे. पण अक्षर आले म्हणून मातीकडे, आभाळाकडे बघायचे सोडू नका. पुस्तक वाचा आणि वावरही वाचा. उद्या सकाळी शेतात गेलात की मातीचे एक ढेकूळ हातात घ्या. ते कुठून आले, ते मुलांना सांगा. त्यांच्या डोळ्यांत नवल दिसेल. ते नवल विझू देऊ नका. आणि पुन्हा कधी म्हणू नका, "आम्हाला काय कळतं?"