गाव बापाचं असतं, मुलांचं व्हावं लागतं



शहर सोडून मुलाबाळांसकट खेड्यात राहायला जावं, असा विचार हल्ली बरेच तरुण आईबाप करतात. त्यांना तो नवा वाटतो. आमच्या फौजेत मात्र ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जवान साधारण 35 ते 40 या वयात पेन्शनवर येतो. त्याची मुलं तेव्हा शाळेत असतात आणि जन्मापासून छावणीत वाढलेली असतात. आज जबलपूर, उद्या पठाणकोट, परवा सिकंदराबाद. मग एक दिवस सामानाचे पेटारे उतरतात ते थेट सातारा किंवा कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावात. मिलिटरी अपशिंगे, सैनिक टाकळी ही गावं तर फौजेच्या नावानंच ओळखली जातात. नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतर गावी राहायला आल्यावर मी अशी पुष्कळ कुटुंबं जवळून पाहिली. त्यांच्याकडून जे शिकलो, ते आज सांगतो.

पहिली गोष्ट. बाप 'परत' येतो, मुलं मात्र पहिल्यांदाच येत असतात. बापाला बांध, विहीर, भावकी, सगळं ठाऊक असतं. मुलांना गाव म्हणजे मे महिन्याची सुट्टी आणि आजीच्या हातची भाकरी. सुट्टीतला गाव वेगळा आणि रोजचा वेगळा. म्हणून फौजी पद्धतीनं आधी रेकी करा. यात्रेच्या आठवड्यात गाव बघून निर्णय घेऊ नका, तेव्हा प्रत्येक गाव सुंदर दिसतो. भर उन्हाळ्यात पाणी कुठून येतं ते बघा. जुलैच्या पावसात शाळेची वाट चालून बघा, आणि मुलांना बरोबर घेऊन चाला.

दुसरी गोष्ट भाषेची. आमच्या पलटणीतल्या एका हवालदारांचा मुलगा अकरा वर्षांचा असताना गावी आला. घरी आईशी मराठीत बोलायचा, पण शाळा हिंदी-इंग्रजीत झालेली. पहिल्या चाचणीत त्यानं पेपर कोरा दिला. उत्तरं येत होती, मराठीत लिहिता येत नव्हती. वर्गात 'हिंदीवाला' असं नाव पडलं आणि पोरगं बोलायचंच बंद झालं. बाप मला म्हणाला, "साहेब, पोरगं हुशार होतं, इथं येऊन ढ झालं." मी म्हटलं, "ढ नाही झालं, मुकं झालंय. दोन्हींत फरक आहे." मग त्याच्या वर्गशिक्षिकेनं सहा महिने रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास दिला. आजी पोथी वाचायची, तो शेजारी बसून ओळीवर बोट फिरवायचा. वर्ष लागलं, पण पोरगं बोलतं झालं. तुम्ही इंदूर, बडोदा, बंगळुरू, दिल्ली कुठेही असा, गावी जायचं मनात असेल तर मराठी लिहायला आजपासून बसवा. बोलता येतं म्हणजे लिहिता येतं, असं नाही.

तिसरी गोष्ट कागदांची. शिक्षण हक्क कायदा 2009 सांगतो, की सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुसार वर्गात घ्यावं लागतं आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कुणी अडवलंच, तर हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. दुसरं, नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशात किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. पण त्या जागांसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. म्हणजे मूल तिसरीच्या आधी गावी आलं की चौथीत, यानं फरक पडतो. पेन्शनची तारीख आपल्या हातात नसते, पण बायको-मुलं आधी गावी पाठवायची की नाही, हे ठरवता येतं.

चौथी गोष्ट जिवाची. दवाखाना किती लांब आहे, हे किलोमीटरमध्ये विचारू नका. रात्री दोन वाजता, पावसात, किती मिनिटं लागतात ते विचारा. सर्पदंशावरचं प्रतिविष कुठल्या सरकारी रुग्णालयात ठेवलेलं असतं, ते आधीच माहीत करून घ्या. मण्यार हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो आणि पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून मुलांना खाटेवर झोपवा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. सर्पदंश झालाच, तर मांत्रिक नको, चिरा देणं नको. 108 ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा. छावणीत वाढलेल्या मुलाला कंदील-बॅटरीशिवाय अंगणात उतरू नये, हे कुणी शिकवलेलं नसतं.

शेवटची गोष्ट मुलींची, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. त्याच हवालदारांची धाकटी मुलगी छावणीच्या मैदानावर पोरांच्या बरोबरीनं पळायची. गावात मैदान होतं, पण संध्याकाळी त्यावर एकही मुलगी नसायची. शिवाय गावातली शाळा सातवीपर्यंत, पुढं हायस्कूल पाच किलोमीटरवर. अशा वेळी घरात एक वाक्य हळूच शिरतं: "बघू पुढचं पुढं." त्या वाक्यानं किती मुलींची शाळा थांबली, ते मी गावोगाव पाहिलं आहे. या माणसानं तसं होऊ दिलं नाही. रोज संध्याकाळी तो स्वतः मैदानावर उभा राहायचा आणि मुलगी पळायची. महिन्याभरात शेजारच्या दोघी आल्या, पावसाळ्यानंतर सातजणी झाल्या. पुढे त्या सगळ्या मिळून सायकलनं हायस्कूलला जायला लागल्या. भावकीत कुजबुज झाली. ती त्यानं ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर उभा राहिला.

गावात हवा स्वच्छ आहे, माणसं नाव घेऊन हाक मारतात, पोराला गुडघा फुटला तर चार घरांतून हळद येते. हे सगळं खरं आहे, म्हणूनच मीही गावात राहतो. पण आपल्याला मिळणाऱ्या शांततेची किंमत मुलांनी, विशेषतः मुलींनी, मोजायची नसते. मुलगी आज जिथं शिकते आणि खेळते, त्यापेक्षा तिचं एक पाऊलही मागं पडणार नाही, एवढी तजवीज झाली की खुशाल पेटारे बांधा.

जय हिंद.